चवीला कसा लागतो?

मी मराठीत निसर्गाच्या गोष्टी करते. घाटकोपरला एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमचं छोटंसं ऑफिस आहे, तिथून आठ-आठ मिनिटांच्या फिल्म निघतात आणि लोक त्या मोबाईलवर बघतात. आम्ही तिघंच. मी लिहिते आणि बोलते, एक कॅमेरावाला आहे, आणि आमच्या डोक्यावर एक बॉस आहेत, ज्यांना निसर्ग एसीत बसून आवडतो.

माझे पहिले प्रेक्षक म्हणजे माझे वडील. आजोबा कोकणातून गिरणीत आले, वडील भांडुपला स्थिरावले, पण जीभ अजून तिकडचीच. प्रत्येक फिल्म मी आधी त्यांना दाखवते. ते चष्मा लावून, जराही न हलता, शेवटपर्यंत बघतात. मला वाटतं, आता काहीतरी बोलतील. मग ते चष्मा काढून म्हणतात, "ता सगळा बरोबर. पण चवीक कसो लागता, ता काय सांगलंस नाय."

खेकड्यांवर केली तेव्हा हेच, शिंपल्यांवर केली तेव्हाही हेच. फ्लेमिंगोंसाठी मी आठवडाभर उन्हात भाजून निघाले होते. त्या फिल्मनंतर तरी गप्प बसतील असं वाटलं. म्हणाले, "खातत काय गो ह्येका?" मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

बाहेरचे प्रेक्षकही काही वेगळे नव्हते. खेकडा कात कसा टाकतो, तेव्हा त्याचं अंग किती मऊ आणि असहाय होतं, हे मी गळा दाटून सांगितलं होतं. त्याखाली बोरिवलीच्या एका गृहस्थांनी विचारलं होतं, "ताई, अशी मऊ चिंबोरी कुठे मिळेल?"

शेवटी बॉसनी मला बोलावलं. "लोकांना खायचंय आणि तू त्यांना बघायला लावतेस," ते म्हणाले. "अजून एक फिल्म कर. लोक शेवटपर्यंत थांबले तर ठीक. नाहीतर निसर्ग बंद आणि त्या जागी रेसिपी. तूच कर, आवाज बरा आहे तुझा." मला वरणाला फोडणी देता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. आठ वर्षं चिखल तुडवून शेवटी हातात डाव येणार, या विचाराने माझी झोप उडाली.

मी निवटा निवडला. निवटा म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारा वीतभर मासा. डोळे डोक्यावर, अंगावर निळे ठिपके, ओहोटीला पाण्याबाहेर येऊन चिखलात सरपटतो, उड्या मारतो, शेजाऱ्याशी भांडतो. याच्यावर कोण प्रेम करणार नाही?

माहुलला एक कोळी मावशी आम्हाला चिखलात घेऊन जायच्या. पाय कुठे टाकायचा, कुठे टाकला तर कमरेपर्यंत जाऊ, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी दाखवलेल्या जागी आम्हाला आमचा नायक भेटला. पाठीवरचा पंख एका ठिकाणी फाटलेला, त्यामुळे शंभरात ओळखू यायचा. त्याने स्वतः तोंडाने चिखल काढून बीळ खणलं होतं. कॅमेरावाल्याने त्याचं नाव 'शेठ' ठेवलं, कारण मुंबईत स्वतःची जागा असलेला आमच्या टीममधला तो एकटाच होता.

तीन आठवडे आम्ही शेठच्या दारात बसलो. पहिल्या दिवशी तो आम्हाला बघून बिळात पळाला. दुसऱ्या दिवशीही पळाला. आठवड्याभराने त्याने आमच्याकडे लक्ष देणंच सोडलं. कॅमेरा हातभर अंतरावर नेला तरी ढिम्म. मग त्याने मादीसाठी उड्या मारायला सुरुवात केली. पंख फुलवून, सगळं अंग हवेत टाकून. ती जवळ यायची, बघायची आणि निघून जायची. "पंख फाटका आहे ना यार, म्हणून," कॅमेरावाला हळहळला. त्याचं स्वतःचं लग्न तेव्हा तिसऱ्यांदा फिसकटलं होतं. ती बिळात शिरते की नाही, हा माझ्या फिल्मचा शेवट होता. असा शेवट असताना कोण मधेच उठून जाईल? मी मनातल्या मनात बॉसना पेढे देऊन आले होते.

शेवटच्या दिवशी शेठ दिसला नाही. बीळ होतं, शेजारी होते, मादीसुद्धा होती. दोन तास वाट बघितली. भरतीचं पाणी यायला लागलं तेव्हा मावशींनी काठावरून हाक मारली, "चला गो बाय, जेवन थंड होतंय!"

मावशी आम्हाला रोज जेवू घालायच्या. उपाशी परत पाठवणं त्यांच्यात बसत नव्हतं आणि नाही म्हणणं आमच्यात. त्या दिवशी लालभडक, चिंच घातलेलं कालवण होतं आणि तांदळाची भाकरी. माझ्या मनात शेठची काळजी होती, पण कालवण असं झकास होतं की काळजी आणि भाकरी दोन्ही चालू राहिल्या. कॅमेरावाल्याने दोनदा वाढून घेतलं. मी तीनदा.

हात धुताना मी विचारलं, "मावशी, कसलं होतं कालवण?"

"निवट्यांचं. तुमी निवटा निवटा करतंय तीन हप्ते, आनि खाल्ला कवा नाय. म्हनून पहाटेच्या ओहोटीला गेली."

"पाठीवर फाटलेलं होतं का एकाचं?"

"होता ना. तोच जाडा होता सगल्यांत." मावशी भांडी उचलत सहज म्हणाल्या, "बाकीचे मानूस बघून पलतान. तो बसून रायला. तुमीच सवय लावली त्याला."

मी तिथेच ओट्यावर बसले. रडू येत होतं आणि ढेकरही येत होता. मावशींवर रागवायला तोंड नव्हतं. त्यांनी पाहुण्यांना वाढलं होतं. शेठला माणसांसमोर बसून राहायला मी शिकवलं होतं, आणि वर तीनदा वाढून घेतलं होतं.

परतताना रिक्षात कॅमेरावाला म्हणाला, "ऐक ना. दुसरा निवटा घेऊ. लांबून शूट करतो, पंख कोणाला दिसतोय? मादी बिळात गेली, पिक्चर संपला. कोणाला कळणार आहे?"

खरं सांगते, मी मान हलवली. हो म्हणून. हीच मी, जिने एकदा फुलपाखराचा शॉट दुसऱ्या दिवशीचा आहे म्हणून त्याला शिव्या घालून फेकायला लावला होता. चार दिवस मी तो खोटा शेवट लिहीत बसले. "आणि अखेर शेठचा संसार सुरू झाला," एवढंच वाक्य बोलायचं होतं. माईकसमोर दर वेळी कालवणाची चव तोंडात यायची आणि आवाज फुटायचा नाही. पाचव्या दिवशी आम्ही माहुलला परत गेलो. मावशींना कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि त्या दिवशी आम्हाला सांगितलं होतं तसं सगळं सांगायला लावलं. शेवटी रिकामं बीळ दाखवलं, आणि माझ्या आवाजात, "त्याची भीती आम्ही घालवली. आणि मग आम्ही त्याला खाल्लं."

बॉसनी फिल्म बघून कपाळावर हात मारला. पण लोक शेवटपर्यंत थांबले. अर्ध्यांनी आम्हाला शिव्या दिल्या, अर्ध्यांनी रेसिपी मागितली, आणि काहींनी एकाच कमेंटमध्ये दोन्ही केलं. बॉसनी निसर्ग चालू ठेवला. रेसिपीसाठी त्यांनी मावशींना विचारून बघितलं. मावशी म्हणाल्या, "ज्याला खायाचा हाय त्यानं घरी यावा."

वडिलांना मात्र मी या वेळी आधी दाखवली नव्हती. धीर झाला नव्हता. त्यांनी ती शेजाऱ्यांच्या फोनवर बघितली. मी घरी आले तेव्हा ते खिडकीपाशी बसले होते. मी प्रश्नाची वाट बघत उभी राहिले, उत्तर तर या वेळी माझ्याकडे होतं. उत्कृष्ट लागतो, बाबा. त्यांनी विचारलंच नाही. खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "तेका खाऊक नको होता गो."

त्या रविवारी आम्ही भांडुपच्या बाजारात गेलो. कोळणीच्या पाटीत निवटे होते, जिवंत, वळवळणारे. मी नजर फिरवून पुढे कोलंबीकडे गेले. मागे वळून बघते तर वडील अजून तिथेच. कोळीण वैतागून म्हणत होती, "काका, घ्यायचं असेल तर घ्या, नुसतं काय बघता?" वडिलांनी चष्मा लावला होता आणि पाटीवर वाकून ते एकेका निवट्याची पाठ तपासत होते.