सकाळी मरणारं पिल्लू

पिल्लू माझ्या बुटाची नाडी चावत होतं आणि पद्माक्का मला सांगत होत्या की सकाळी ते मेलं होतं.

"मेलंच होतं, डॉक्टर. पाय ताठ, डोळं पांढरं, जिभेला रंग न्हाई. आता बघा, नाचतंय."

मी बघितलं. खरंच नाचत होतं.

दुसरं महायुद्ध संपून थोडे दिवस झाले होते. मी सांगली संस्थानात गुरांचा डॉक्टर होतो. गुरांचा म्हणजे गुरांचाच. बैलाचा खांदा सुजला, म्हैस विताना अडली, घटसर्पाची लस टोचायची, ही माझी कामं. कुत्रं आजारी पडलं तर लोक डॉक्टर बोलवत नसत, दुसरं कुत्रं आणत. माझ्या बॅगेत औषध पाजायचा बांबूचा नळा होता, तो या पिल्लापेक्षा लांब होता.

पिल्लू पॉमेरेनियन जातीचं, जेमतेम दीड महिन्याचं, ओंजळीत मावेल एवढं. माधवनगरच्या गिरणीत एक इंग्रज इंजिनिअर होता. तो मायदेशी जायला निघाला तेव्हा कुत्रीचं हे शेवटचं पिल्लू त्यानं तिथलेच हळदीचे व्यापारी भूपालअण्णा यांना दिलं. साहेबानं नाव ठेवलं होतं डॉली. अण्णांना कुत्र्याची हौस नव्हती, पण त्यांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे पद्माक्कांनी, ते पदरात घेतलं ते घेतलंच. अक्कांचा नवरा ऐन तारुण्यात गेला होता. त्याआधी दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तेव्हापासून त्या भावाकडे राहत होत्या.

"माझ्या हाताला यश न्हाई," त्या म्हणाल्या. "अण्णाला सांगितलंय, कुनाला तरी देऊन टाक हिला. दुसऱ्याच्या घरी तरी जगंल."

डोळ्यांत पाणी नव्हतं. हळदीचा भाव सांगावा तशा आवाजात त्या हे बोलल्या आणि बोलता बोलता डॉलीला मांडीवर घेऊन बसल्या. द्यायचं मनात कुठेच नव्हतं, हे मलाही दिसत होतं.

मी प्रश्न सुरू केले. खायला किती वेळा घालता? चार वेळा, साहेबाच्या खानसाम्यानं सांगितलं तसं. काय घालता? दूधभात, अगदी मऊ कालवून. थंड की गरम? कोमट, आधी बोट बुडवून बघून. एकदम की थोडं थोडं? थोडं थोडं. निजतं कुठं? अक्कांच्या उशाशी, गोधडीत. परीक्षेत मला हे प्रश्न आले असते तर मीही हीच उत्तरं लिहिली असती. मग रोग कुठून आला?

लहान पिल्लाला झटके आले की पहिला संशय जंतांवर जातो. मी जंताचं औषध दिलं. गुरांच्या डोसाचा भागाकार करता करता मला घाम फुटला. जंत पडलेच नाहीत. झटके मात्र पडत राहिले, आणि तेही सकाळीच. मी दुपारी सायकल मारत जायचो, तर डॉली माझ्या नाडीची वाट बघत असायची. तिला तपासून मी कोड्यात, आणि मला बघून अण्णा कोड्यात.

अक्कांचं मत वेगळं होतं. त्या रोज पहाटे बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात जात. येताना मूर्तीच्या अभिषेकाचं पाणी, गंधोदक, वाटीतून आणत. आल्यावर डॉली आडवी दिसली की ते तिच्या कपाळाला लावत, मग दुधाचं बोट तोंडात देत, आणि डॉली उठून बसे. अक्का म्हणत, गंधोदकाचा गुण. मी मान डोलवायचो.

शेवटी आमच्या खात्याच्या साहेबांकडे गेलो. ते फौजेत घोड्यांवर काम करून आलेले, तोंडानं तिखट.

"डिस्टेंपर असेल," ते म्हणाले. डिस्टेंपर म्हणजे कुत्र्यांचा साथीचा ताप. पिल्लं त्यात पटापट जातात.

"ताप नाही साहेब. नाक वाहत नाही, डोळे स्वच्छ. आणि झटका फक्त सकाळीच येतो."

"तुम्ही जाता कधी?"

"दुपारी."

"मग सकाळी जाऊन बघा ना. मी घोडा शिकलोय, कुत्रं नाही."

सकाळी बघायचं तर रात्री तिथेच मुक्काम करणं भाग होतं. त्या दिवशी बुधगावात एक म्हैस अडली होती. ती मोकळी करून माधवनगरला पोचेपर्यंत दिवस मावळला. अण्णा दारात उभे होते, पण तोंड कानकोंडं. जैन घरात सूर्य मावळला की जेवण नाही. अंधारात बारीक जीव अन्नात पडून मरतात, त्यांची हत्या नको म्हणून. त्यात अक्कांचा नेम कडक. संध्याकाळनंतर पाण्याचा थेंबही नाही, आणि सकाळी बस्तीतून दर्शन घेऊन आल्याशिवाय चूल पेटायची नाही. मी म्हणालो, बुधगावात भरपेट जेवून आलोय. खरं तर दुपारच्या चहानंतर पोटात काही नव्हतं.

सकाळी अक्का बस्तीत गेल्या. थंडीचे दिवस होते. मी ओसरीवर बसलो होतो आणि माझी अवस्था काही ठीक नव्हती. हात कापत होते, कपाळाला गार घाम, डोळ्यांपुढे काजवे. स्वयंपाकघराकडे बघायचा आणि मान वळवायचा, एवढंच काम चालू होतं. तेवढ्यात गोधडीतून डॉली बाहेर आली. दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात चार पावलं आली आणि पडली. मी उचलली. अंग गार, हिरड्या पांढऱ्या, पाय कापत होते. तिच्या पायांकडे आणि ती धरलेल्या माझ्या हातांकडे मी आळीपाळीनं बघत राहिलो. दोघांना एकच रोग झाला होता.

"अण्णा, काल हिनं शेवटचं कधी खाल्लं?"

"दिवस मावळायच्या आत," अण्णा म्हणाले. "आमी सगळ्यांनीच."

मी मध मागितला. मध आमच्यात चालत नाही, अण्णा म्हणाले. मग गूळ आणा, लवकर आणा. चूल पेटायच्या आधी खायचं काही काढायचं म्हणजे त्यांना जड गेलं, पण त्यांनी आणला. पाण्यात विरघळवून मी डॉलीच्या हिरड्यांना चोळला. काही वेळ काहीच झालं नाही, आणि मला वाटलं, आता ही खरंच जाते. मग तिनं माझं बोट चावलं. उरलेला खडा मी तोंडात टाकला. अण्णांनी बघितलं आणि आणखी एक खडा आणून दिला.

अक्का वाटी घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना समजावून सांगितलं. एवढ्याशा जातीच्या पिल्लाचं पोट चिंचोक्याएवढं, अंगात चरबी नाही. शिल्लक साखर थोड्या वेळात संपते, मग मेंदूला काही मिळत नाही, आणि झटका येतो. त्यात थंडी आणि लांब रात्र. चार वेळा खाणं बरोबरच होतं, पण ते चारही वेळा उजेडात. मी तरी आधी वेळ कुठं विचारली होती? बैल रात्रभर रवंथ करतो, त्याच्या जेवणाची वेळ काय विचारायची.

अक्का उंबऱ्यावर बसल्या.

"म्हंजे माझ्या हाताचा दोष न्हवं?"

"नाही अक्का. वेळेचा."

जन्माचा नेम एकीकडे आणि हे मूठभर पिल्लू एकीकडे. मी चाचरत म्हणालो, रात्रीपुरती हिला शेजारी ठेवता येईल.

"कशाला शेजारी?" अक्का म्हणाल्या. "नेम मी घेतलाय, डॉक्टर. तिनं कुठं घेतलाय?"

त्यांनी गंधोदक तिच्या कपाळाला लावलं, आणि मग पदरानं डोळे पुसले. 

त्या दिवसापासून अक्का दिवस मावळायच्या आत दूधभात कालवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवू लागल्या. दिव्यावर किडे येतात म्हणून रात्री दिवा न लावता, चाचपडत, बोटानं भरवत. पुन्हा झटका आला नाही. डॉली मोठी झाली, म्हातारी झाली, माधवनगरातल्या झाडून सगळ्या पोस्टमनांवर भुंकली. अक्कांनी स्वतः मात्र शेवटपर्यंत रात्री पाणीही घेतलं नाही.

साहेबांनी रोगाचं नाव विचारलं. मी म्हणालो, उपास. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी सरळ सायकलकडे वळलो.

जनावर बोलत नाही, म्हणून आम्ही घरच्यांना विचारतो : काय घालता, किती घालता. माधवनगरनंतर मी त्यात एक प्रश्न वाढवला : घरात नेम कुणाचा आहे, आणि तो पाळतंय कोण?