मागचे डबे

माझ्या फोटोंना कुणी छान म्हटलं की हल्ली मला थोडा रागच येतो. मयेच्या तळ्यावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा, लाटंबार्सेच्या काजूच्या डोंगरावर उतरलेलं धुकं, पेडण्याच्या वळणावर पुढे येणारी गाडी, असले फोटो मी कित्येक वर्षं काढतोय आणि मोबाईलवरच्या ग्रुपांवर टाकतोय. सकाळी टाकला की दुपारपर्यंत अंगठ्यांचा आणि फुलांचा ढीग पडतो. कॅमेरा कुठला, एवढंच लोक विचारतात. चौकटीच्या बाहेर काय होतं ते कुणी विचारत नाही. पाणकावळ्याच्या शेजारी दारूच्या बाटल्या तरंगत होत्या, त्या मी कापून टाकल्या. धुक्याच्या फोटोसाठी ज्या बागेत शिरलो, तिच्या मालकाने मला काजूचोर समजून अंगावर कुत्रा सोडला होता, आणि पळताना माझा चष्मा तिथेच पडला. या गोष्टी मी हसत सांगतो. एका फोटोची गोष्ट मात्र मला हसत सांगता येत नाही, आणि तो फोटो सगळ्यांत वाईट आलेला आहे.

आम्हा गाड्यांचे फोटो काढणाऱ्यांची एक खोड असते. आम्हाला हवं असतं ते इंजिन. दर आयतवारी, रविवारच्या सुट्टीला, मी डिचोलीहून स्कूटर काढतो, पेडण्याला जातो आणि रुळांच्या वरच्या दरडीवर झुडपात ठाण मांडून बसतो. इंजिनाचं तोंड वळणावर दिसलं की फटाफट फोटो घेतो, आणि इंजिन पुढे सरकलं की कॅमेरा खाली घेऊन काय आलंय ते बघत राहतो. तेवढ्यात खालून सगळे डबे निघून जातात. दारात उभी असलेली माणसं, खिडकीला नाक लावून बसलेली पोरं, यांच्याकडे आम्ही मान वर करून बघतही नाही. बायको म्हणते, "लोक गाडीन बसतात आनी तूं गाडयेचें मुखामळ पळयत रावता." गाडीचं तोंड बघत राहणारा माणूस मी, तिचं काही चुकत नाही.

आमच्या कंपाउंडला लागून एक जोडपं भाड्याने राहायचं. दोघंही कुडाळकडची. तो खनिजाचा टिपर चालवायचा. खाण बंद पडली, टिपर पावसात उभा राहून गंजला आणि शेवटी भंगारात गेला. मग तो मिळेल ते काम करू लागला, पण बोलणं कमी झालं. संध्याकाळी बंद खाणीच्या काठावर जाऊन उभा राहायचा. तो खड्डा पाण्याने भरलाय. लाल कडा आणि मध्ये हिरवंनिळं पाणी, असं दृश्य की मला दर ऋतूत एक तरी फोटो काढावासा वाटतो. एकदा मी तिथे कॅमेऱ्याची तिपाई लावत असताना तो शेजारी येऊन म्हणाला, "दादानू, खड्डो आमी केलो, आनी वाहवा तुमका." मी हसलो. तोही हसला, पण पाण्याकडे बघत.

एका आयतवारी सकाळी तो घरातून निघाला. आईला भेटून येतो, थिवीला गाडी पकडतो, असं बायकोला सांगून गेला. अंगात निळा चौकड्यांचा सदरा होता. गावी तो पोचलाच नाही. फोन बंद. दोन दिवस नातेवाइकांकडे चौकशी झाली, मग पोलिसांत तक्रार गेली. त्यातच गुरं राखणाऱ्या एका बाईने सांगितलं की त्या सकाळी तिने त्याला खाणीच्या वाटेवर पाहिलं होतं. पोलीस म्हणाले, अग्निशामक दलाची माणसं बोलावून पाण्यात शोध घ्यायला हवा.

त्याची बायको हे ऐकायलाच तयार नव्हती. "तेका पवाक येता," ती म्हणायची. "बुडाक तो काय ल्हान पोर आसा?" देवळात जाऊन तिने कौल घेतला. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात आणि उजवीकडची पाकळी पडली की होकार समजतात. तो सुखरूप आहे का, असं तिने विचारलं आणि उजवी पाकळी पडली. पडताना मीही पाहिली, कारण तिला देवळात घेऊन मीच गेलो होतो. मी फारसा देवभोळा नाही, पण पाकळी पडली तेव्हा मला बरं वाटलं.

देवळातून येताना वाटेतच तिला आठवलं. "दादानू, तुमी आयतवारी रेल्वेचे फोटो काढतास मां? माका दाखवा."

घरी येऊन मी कॉम्प्युटर सुरू केला. सकाळची सावंतवाडीकडे जाणारी गाडी मी टिपली होती. ती थिवीहून निघून माझ्यासमोरूनच गेली होती. स्वच्छ उन्हात इंजिन, अगदी मासिकात छापावं असं.

"इंजिन नको माका. मागचे डबे दाखवा."

मागचे डबे नव्हते. सकाळच्या गाडीचा एकही डबा माझ्याकडे नव्हता. मला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या छंदाची शिसारी आली. ज्या गाडीत तो असू शकला असता, ती पूर्ण गाडी माझ्या डोळ्यांखालून गेली होती, आणि मी तेव्हा इंजिनाच्या रंगावर खूष होत बसलो होतो.

ती स्वतःच माऊस धरून पुढे सरकत राहिली. धनेश पक्ष्याचे फोटो आले. दुपारी रुळांपलीकडच्या वडावर धनेशांची जोडी उतरली होती आणि मी त्यांच्यामागे लागलो होतो. त्यांच्यानंतर एक फोटो आला, तिरका, अर्धा हललेला. पक्ष्यांच्या नादात मला गाडी उशिरा ऐकू आली, वळून घाईत बटण दाबलं तर इंजिन केव्हाच पुढे गेलं होतं, चौकटीत आले ते नुसते शेवटचे डबे. एका दारात दांडा धरून उभा असलेला माणूस. चेहऱ्याच्या जागी पुसट डाग. सदरा निळसर.

"तोच आसा," ती म्हणाली. "हात बगा. तसोच धरता तो."

तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा तरतरी दिसली. आणि मला ठाऊक होतं की हा तो असणं शक्य नाही. पेडण्याला रूळ एकेरी आहेत, जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्या त्याच रुळांवरून धावतात, त्यामुळे नुसते डबे बघून गाडीची दिशा कळत नाही. पण गाडी मी पाहिली होती. ती दुपारची, सावंतवाडीकडून गोव्यात येणारी. सकाळी घरून निघालेला आणि गावी न पोचलेला माणूस त्या गाडीत कशाला असेल? मी फोटोची वेळ दाखवायला माऊसकडे हात नेला. तोवर तिने पडद्यावरून आपल्या फोनमध्ये फोटो काढून घेतलासुद्धा. चपला हातात घेऊनच ती बाहेर पळाली.

पोलीस चौकीतल्या हवालदाराला हायसं वाटलं असावं. मी मागोमाग पोचलो तेव्हा तो फोनवर सांगत होता की पाण्यातलं काम तूर्त थांबवा. मी त्याला बाजूला घेऊन गाडीची दिशा समजावली. तो वैतागला. "फोटोंत आसा म्हूण ताची बायल सांगता. देवान कौल दिला. आनी तूं म्हणटा, न्हय?" शेवटी डोकं खाजवत म्हणाला, उद्या सकाळी माणसं बोलावतो, पण तिला तू सांग, मी सांगणार नाही.

मला त्याचा राग आला, पण त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. घरी येऊन जेवायला बसल्यावर मी हे बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. "सांग तिका," ती म्हणाली. "उशीर केलो म्हूण दुख्ख उणें जायना."

सकाळी मी गेलो तेव्हा ती अंगणात मासे साफ करत होती. बांगडे होते. मला बघून म्हणाली की सासूला फोन केला, रडू नको म्हटलं, लेक गाडीत दिसलाय. कदाचित गावी जायचं सोडून कामासाठी पुढे रत्नागिरीकडे उतरला असेल, येईल फोन. तिने हे इतक्या सरळ सांगितलं की मला वळून निघून जावंसं वाटलं. मी तिथेच उकिडवा बसलो.

"बाय, ऐक. ती गाडी तिकडे जाणारी नव्हती. दुपारची होती. तिकडून इकडे येत होती."

तिचा हात थांबला. मी पुढचं बोलायला शब्द जमवत होतो: की तो माणूस दुसराच कुणी असणार, की खाणीच्या वाटेवर त्याला पाहिलेली बाई खोटं कशाला सांगेल, की आज माणसं पाण्यात उतरणार आहेत. ती माझ्याकडे नीट बघत होती.

"हकडे येत होती?"

"हो."

"मगे तो परत येत होतो," ती म्हणाली. "घराक येत होतो तो."

ती उठली, बांगडे धुतले, आत गेली. कोपऱ्यावरून अग्निशामक दलाची गाडी खाणीच्या उताराला लागली, तिचा आवाज तिलाही ऐकू गेला असणार. आतून तांदूळ धुतल्याचा आवाज येत राहिला. दुपारी त्याला पाण्यातून वर काढलं तेव्हा तिने दोघांची पानं वाढून ठेवली होती.