हॉलमधल्या समुद्राला आलेला फेस

सोलापुरात समुद्र नाही. ही उणीव गावात कुणालाच जाणवत नव्हती, म्हणून मी ती स्वतःच्या हॉलमध्ये भरून काढायची ठरवली.

टेबलावर मावेल एवढी काचेची टाकी, खास मीठ कालवून केलेलं पाणी, प्रवाळाचा एक झुबका आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. लेकीनं, सईनं, त्यांची नावं गंगू आणि रंगू ठेवली. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे टाकीचं पाणी सारखं बदलावं लागू नये म्हणून मी प्रोटीन स्किमर मागवला. हे यंत्र पाण्यात बारीक बुडबुडे सोडतं. घाण त्या फेसाला चिकटून वरच्या कपात जमते आणि आपण ती ओतून टाकायची. नवं यंत्र मी स्वतः चकचकीत धुतलं (स्वच्छतेत मी कुणाला ऐकत नाही!), सगळ्यांना गोळा केलं आणि बटण दाबलं.

फेस आला. कप भरला, टेबल भरलं, सोफ्यापर्यंत पोचला. नवं यंत्र सुरुवातीला असं करतंच, असं मी सगळ्यांना समजावलं. बायको, सुनंदा, फडकं घेऊन आली. मी दुकानदाराला फोन करायला गॅलरीत गेलो.

परत येतो तो फेस गायब! दुकानदार अजून फोनवरच होता. मी त्याला सांगितलं, थोडं सेटिंग केलं, जमलं. मग शेजाऱ्यांना बोलावून स्किमरवर छोटं व्याख्यानही दिलं. ते रंगात आलं असतानाच सई रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, गंगू वर येऊन तोंड उघडतीय."

पाण्यावर तेलाचा तवंग होता. सासरे, तात्या, कोपऱ्यात समाधानानं बसले होते. ते मूळचे टेंभुर्णीकडचे, उभा जन्म गुऱ्हाळात गूळ रांधण्यात गेलेला.

"तात्या, तुम्ही काही टाकलंत का यात?"

"व्हय. शेंगतेल, चमचाभर बी न्हाय. काहिलीतला रस उतू जाया लागला की आमी टाकतोच की."

मग मी जे बोललो, ते शेजाऱ्यांनाही स्किमरपेक्षा चांगलं समजलं. घरातलं साठवलेलं सगळं पाणी टाकी धुण्यात आणि नवीन खारं पाणी करण्यात गेलं. मासे आणि प्रवाळ पुरणाच्या मोठ्या पातेल्यात गेले, हवेच्या पंपासकट. तात्या जेवले नाहीत. पातेल्याजवळ पाटावर बसून रंगूकडे बघत राहिले. मला वाईट वाटलं, पण बरोबर असण्याचा आनंद त्याहून थोडा जास्त होता.

तेलाचा अंशही राहू नये म्हणून स्किमर मी पुन्हा धुतला, पहिल्यापेक्षा दुप्पट मन लावून. मासे पातेल्यातच ठेवून नवं पाणी भरलेल्या टाकीत तो चालू केला.

या वेळी फेस सोफा ओलांडून दारापर्यंत गेला.

तात्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "म्या हात लावल्याला न्हाय. सगळी बगत हुती."

सुनंदानं मूठभर फेस उचलला, हुंगला आणि माझ्यासमोर धरला. लिंबाचा वास येत होता. तिनं शांतपणे विचारलं, "तुम्ही हे यंत्र भांड्यांच्या साबणानं धुता?"

मी छताकडे बघितलं. तिथंही थोडा फेस होता.

तात्या मग दोन वेळचं एकदम जेवले. गंगू-रंगू वाचले, प्रवाळही तगला. आता स्किमर तात्या धुतात, नुसत्या पाण्यानं, आणि आल्यागेल्याला गुऱ्हाळासकट समजावून सांगतात. मलाही काम मिळालंय. सुनंदा म्हणते, एवढ्या मन लावून साबण लावणारा माणूस वाया घालवू नये. म्हणून घरातली भांडी रोज मी घासतो.