नोझलला तोंड लावणार न्हाई!

जर्मनीत मी एकच वर्ष होतो, केमिस्ट्री शिकायला. पण परतूरला चार दोस्त जमले की म्हणतात, "सर, जर्मनीचा एखादा होऊन जाऊ द्या!" सांगायला बसलो की निम्मे किस्से आमच्या शेतातलेच निघतात. वर्ष कधीच सरलं, किस्से काही सरत नाहीत.

*

आमच्या लॅबचं काम म्हणजे रक्तातलं कीटकनाशक शोधणं. आपण कपाशीवर मारतो तेच औषध! पहिल्या दिवशी मला चष्मा, ॲप्रन आणि एकावर एक दोन हातमोजे दिले. एवढा थाट करून कपाटातून बाटली काढली, ती बोटाच्या पेराएवढी. प्रोफेसर म्हणाले, "वास घेऊ नका."

मी म्हणालो, "सर, या वासात मी दहावी पास झालोय!"

सगळे हसले. मीही हसलो.

*

मशीन तपासायला निरोगी माणसाचं रक्त लागायचं. सगळ्यांनी दिलं, मीही दिलं. अंगात औषध भिनलं की एक आकडा उतरतो. माझा इतका खाली, की त्यांना वाटलं मशीन बिघडलं! कंपनीचा माणूस बोलावला. तो म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे. माणूस बघा."

जर्मनीला निघायच्या आदल्या आठवड्यापर्यंत मी दादाबरोबर फवारत होतो.

*

लॅबमधल्या उर्सुलाने जेवताना विचारलं, "तुमच्याकडे फवारतात कसं?" मी रंगवून सांगितलं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पाठीवर पंप घेतो, अंगात बनियन, पाय उघडे. नोझल तुंबलं की काढायचं, तोंडात धरायचं आणि जोरात फुंकायचं!

तिने सँडविच खाली ठेवलं. "आणि तो जिवंत आहे?"

मग मीही माझा डबा बंद केला.

*

दर रविवारी मी आमच्या गावातल्या एसटीडी बूथवर फोन लावायचो. दादाला म्हणालो, बाबा रे, तोंड लावू नको. तर म्हणतो, "पंधरा वर्सं झाले फुंकून राह्यलो. तू तिकडं थंडीत जप!"

मी हातमोजे पाठवले. ते वहिनीने कपाटात ठेवले. "तुही वहिनी म्हणती, येवढी भारी वस्तू औषधात कशी घालावी?" हसावं की रडावं, कळेना.

*

भाद्रपदात दादा शेतातच पडला. तोंडाला फेस, हातपाय लटलट कापायला लागले. जीपमध्ये घालून जालन्याला नेला म्हणून वाचला. तीन रविवार फोनवर वहिनीच यायची, "ते शेतात गेले" म्हणायची. मला कळलं तीन आठवड्यांनी!

"परीक्षा व्हती ना तुही," दादा म्हणाला.

त्याला मी जन्मात उलटून बोललो नव्हतो. त्या दिवशी फोनवर ओरडलो. रडलोही. म्हणालो, "आईची शपथ घे!"

तो म्हणाला, "आईची आन. नोझलला तोंड लावणार न्हाई."

दादा शपथ मोडत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक. मी निर्धास्त झालो.

*

वर्ष संपवून परत आलो आणि दुसऱ्याच दिवशी शेतात गेलो. डॉक्टरने बजावूनही दादाच्या पाठीवर पंप होताच. मागे वहिनी पाण्याची घागर घेऊन. मला बघून दोघांचेही चेहरे फुलले.

तेवढ्यात नोझल तुंबलं. दादाने ते काढलं, तोंडापर्यंत नेलं आणि थांबला. माझ्याकडे बघून हसला.

"पाह्यलं का? शपथ बराबर पाळून राह्यलो!"

आणि नोझल वहिनीच्या हातात दिलं. तिने ते पदराला पुसलं आणि फुंकलं.