नाडीच्या नावाखाली

आमच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांना सगळे मागून फौजदारबाई म्हणायचे. औषधांचा खोका आला की त्या आधी सील बघणार, मग आणणाऱ्याचं तोंड. कुणी न मागता चहा पुढे केला तर म्हणणार, “काय काम आहे ते आधी बोल.”

मला त्यांनीच घडवलं. पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, “पेशंटला ‘तुमचा श्वास मोजते’ असं कधी सांगायचं नाही. सांगितलं की माणूस सोंग घेतो. मनगट धर, नाडी बघतेस असं दाखव, आणि डोळा छातीवर ठेव.”

त्यामुळे सिस्टरांचा ताण आणि थकवा घालवायला श्वासाचे व्यायाम सुरू होणार, अशी नोटीस लागली तेव्हा बाईंच्या मनात पाल चुकचुकली नसती तरच नवल. दुपारी पाळी बदलताना चादरींच्या खोलीत चटया टाकून दहा मिनिटं बसायचं. शिकवायला एक हसरी मुलगी यायची. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर.

“दोन सिस्टर कमी आहेत. त्या जागा भरायच्या सोडून आमच्यात हवा भरतायत,” बाई पुटपुटायच्या. सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना त्यांचे टक्क उघडे.

खरं पाणी मुरत होतं ते शेवटी भरायच्या कागदात. आज थकवा किती, शून्य ते दहा, खाली नाव. बाई दर वेळी ठसठशीत शून्य लिहायच्या. जिने चढताना कठडा धरून उभ्या राहणाऱ्या बाईंना थकवा शून्य! मला हसूही यायचं आणि रागही.

“अगं, हा कागद वर जातो,” त्या म्हणाल्या. “मागे एकीनं पाठ दुखते असं लिहून दिलं, तिला रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. माझी दोन वर्षं राहिलीत. ती मला पेशंटमध्ये काढायचीत. फायलींना कुठं ताप येतो?”

एका दुपारी शून्य लिहून त्या माझ्या शेजारी टेकल्या, पण टेकल्यावरही त्यांची धाप बसेना. मी त्यांचं मनगट हातात घेतलं. म्हटलं, “घड्याळ नवीन घेतलंत का?”

त्यांनी मिनिटभर मला धरू दिलं. मग म्हणाल्या, “किती भरले?”

गुरूची विद्या गुरूला! मी खाली मान घालून म्हणाले, “सव्वीस. पेशंटचे असते तर डॉक्टरांना बोलावलं असतंत तुम्ही.”

बाईंनी कागदावरचं शून्य खोडलं आणि नऊ लिहिलं.

तिसऱ्या दिवशी मेट्रनबाईंचा निरोप आला. सगळ्या सिस्टरांच्या बदल्या मेट्रनबाईंच्या हातात. त्या आणि आमच्या बाई एकाच वर्षी शिकायला लागलेल्या, पण मेट्रनबाईंना ती खुर्ची मिळाल्यापासून दोघींचं बोलणं कामापुरतंच. बाईंनी टोपी नीट केली, माझ्याकडे न बघता निघाल्या. माझ्या शहाणपणानं त्यांचा वॉर्ड गेला, असंच वाटत राहिलं. दोनदा एकाच पेशंटचा ताप घेतला मी.

अर्ध्या तासानं त्या परत आल्या आणि औषधांच्या कपाटाला टेकून उभ्या राहिल्या.

“काय झालं?”

“काही नाही. ‘बस’ म्हणाली. माझा हात हातात घेतला, ‘किती वाळलीस गं’ म्हणाली. मिनिटभर सोडलाच नाही.” बाईंनी स्वतःचं मनगट चोळलं. “मला शिकवते! डोळा कुठं होता ते कळत होतं मला.”

“मग?”

“मग मीही तिच्या छातीकडे बघत बसले. तिचे अठ्ठावीस.”

“आणि तुमची बदली?”

“विचारायचंच राहिलं बघ.” त्यांनी पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि लगेच आवाज चढवला, “बघतेस काय? त्या श्वासवाल्या मुलीला सांग, उद्या एक चटई जास्त मांड. माझ्या शेजारी. मेट्रन म्हणते येईन, पण तिचं काय खरं, मी स्वतः जाऊन घेऊन येणार आहे.”