स्वतःचंच लिहिलेलं शोधणारी स्क्रिप्ट

"बंद करा ते, भाऊजी! माह्या साऱ्या मुलाखती आहेत त्यात!" वहिनी ओरडली.

कपाशीवाल्यांच्या मुलाखतींतून बोंडअळीची प्रत्येक ओळ वेचायला मी आयुष्यातली पहिली कॉम्प्युटरची स्क्रिप्ट लिहिली होती. दुपारी वहिनीला त्या ओळी कॉलेजात द्यायच्या होत्या. पण वेचलेल्या ओळींची, म्हणजे निकालाची, फाईल फुगतच चालली. लॅपटॉपचा पंखा असा घोंघावला की विमान आलं समजून अर्धं आर्वी गाव गच्चीवर चढलं! थांबवायचं कसं ते कळेना, म्हणून शेवटी मी लॅपटॉपच बंद केला.

पुन्हा सुरू केला. मुलाखती शाबूत होत्या. निकालाची फाईल मात्र मी त्याच फोल्डरात ठेवली होती, म्हणून स्क्रिप्ट तिच्यातही बोंडअळी शोधून पुन्हा तिच्यातच लिहीत होती. ती फाईल बाहेर हलवून स्क्रिप्ट पुन्हा चालवताच ओळी क्षणात हजर!

"आहे का असा इंजिनिअर जिल्ह्यात?" मी छाती फुगवली.

"पुढच्या वेळी पहिले बंद कराचं शिका," वहिनी म्हणाली.