एमेटला कायदा पाठ होता

पेट्राकच्या बंदुकांच्या दुकानात काचेच्या कपाटापुढे तीन उंच स्टुलं आहेत. पहिलं गिऱ्हाइकाचं, दुसरं बक स्वेनीचं आणि तिसरं एमेट बार्टोशचं. बक काच कारखान्यातून निवृत्त झाला तो थेट त्या स्टुलावर येऊन बसला, आणि त्याच्या वजनाने स्टुलाचा एक पाय आत गेला. एमेटच्या स्टुलाचे चारही पाय शाबूत आहेत. बक म्हणतो, "एमेट स्टुलावर बसतच नाही, कायद्यावर बसतो."

खोटं नव्हतं ते. एमेट एकतीस वर्षं पोस्टमन होता. पोस्टाच्या आवारात, अगदी गाड्या लावायच्या जागेतसुद्धा, कोणी बंदूक आणायची नाही असा केंद्र सरकारचा नियम. पेनसिल्व्हेनियाच्या ज्या कोपऱ्यात हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला की शाळेला सुट्टी देतात, तिथल्या माणसाला हे सांगणं म्हणजे त्याला ताटावर बसवून त्याचे हात बांधणं. एमेट रोज सकाळी रस्त्यापलीकडे चर्चच्या बाजूला गाडी लावायचा, पिस्तूल पेटीत घालून कुलूप लावायचा आणि दोनशे पावलं चालत पोस्टात यायचा. पाऊस असो, गुडघाभर बर्फ असो. पहिल्या हिवाळ्यातच त्याला वाटलं, आपल्याला चालायला लावणारा हा कायदा एकदा वाचून तरी बघावा. वाचला, आणि मग दुसरा वाचला. काही लोकांना पत्त्यांचा नाद लागतो, एमेटला कलमांचा लागला.

निवृत्त होईपर्यंत त्याला आपल्या राज्याचा आणि आजूबाजूच्या सगळ्या राज्यांचा बंदुकीचा कायदा तोंडपाठ झाला होता. गावातला माणूस लेकीकडे न्यूयॉर्कला निघाला की आधी एमेटकडे यायचा, मग पेट्रोल भरायचा. "न्यूयॉर्कला आपला परवाना चालत नाही, घरी ठेव," एमेट सांगायचा. "ओहायोत परवानाच लागत नाही. मेरीलँडला चालत नाही. वेस्ट व्हर्जिनियात जा, मजा कर."

"आणि सासुरवाडीत?" बक विचारायचा.

"तिथे सशस्त्र जायला कायद्याची हरकत नाही. पण तुझी सासू मी पाहिलीय. उपयोग होणार नाही."

असा हा एमेट. चौऱ्याहत्तर वर्षांचा, उन्हात रापलेला, पोस्टमनच्याच चालीने चालणारा. उजव्या कमरेला स्वेटरखाली पिस्तूल. ते इतकी वर्षं तिथे होतं की बर्नीस, त्याची बायको, स्वेटर विणताना त्या बाजूला चार टाके जास्त घालायची.

त्या मंगळवारी, दुपारी चारच्या सुमाराला, एमेट घरी आला. स्वयंपाकघरात शेगडीपाशी एक बाई पाठमोरी उभी होती. आखूड पांढरे केस, निळं जाकीट. एमेटने तिला ओळखलं नाही. ही कोण बाई? माझ्या घरात काय करतेय? पुढचं त्याने काही ठरवलं नाही. ते हाताने ठरवलं. हात स्वेटरखाली गेला आणि बोटं मुठीभोवती बसली.

"दूध आणलंस का?" ती बाई वळून न बघता म्हणाली.

अठ्ठेचाळीस वर्षं ऐकलेला आवाज. हात तिथेच थांबला. बर्नीस वळली, मानेवरून हात फिरवत म्हणाली, "कसे दिसतायत? म्हटलं, एकदाचे कापून टाकावेत." सकाळी केस कापायला तिला सोडून आला होता तो स्वतः एमेटच.

"छान आहेत," एमेट म्हणाला. "दूध राहिलं. आणतो."

गाडीत बसून त्याने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. गेलं वर्षभर बारीकसारीक गोष्टी होत होत्या. ज्या गल्ल्यांत एकतीस वर्षं पत्रं टाकली त्यांची नावं पत्त्यांच्या कॅटासारखी पिसली जात होती. त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. म्हातारपण म्हणून सोडून द्यायचं. पण हाताचं काय करायचं? तो हात उद्या आवाजासाठी थांबला नाही तर?

गुरुवारी सकाळी तो दुकानात आला तेव्हा त्याच्या खिशात शेरीफच्या कचेरीचा अर्ज होता. पिस्तूल कपड्यांखाली बाळगायचा पाच वर्षांचा परवाना संपत आला होता. नव्या अर्जावर घरच्यांखेरीज दोन ओळखीच्या माणसांची नावं द्यावी लागतात. गेली पंचवीस वर्षं ती दोन नावं ठरलेली: बक आणि दुकानाची मालकीण लोरेटा पेट्राक.

"लिही, लिही," बक डोनटची साखर झटकत म्हणाला. "शेरीफने विचारलं तर सांगेन, इतका सरळ गाढव जिल्ह्यात दुसरा नाही."

एमेट हसला. अर्ज मात्र त्याने घडी करून परत खिशात ठेवला.

पहिल्या स्टुलावर टेसा नावाची तरुण नर्स बसली होती. संध्याकाळची पाळी, गाडी लावायची जागा लांब, दिवे कमी. पहिल्यांदाच पिस्तूल घ्यायला आली होती. लोरेटाने रबरी चटईवर तीन ठेवली होती आणि बकने चौथ्याकडे बोट दाखवलं होतं.

"बक, तिला पिस्तूल हवंय," लोरेटा म्हणाली. "तोफ नकोय."

"लहान हवंय," टेसा म्हणाली. "पर्समध्ये मावेल असं."

"पर्समध्ये ठेवू नकोस, पोरी," एमेट म्हणाला. "पर्स माणूस कुठेही विसरतो." आणि एवढं बोलून त्याने खिशातला अर्ज चाचपला.

"मिस्टर बार्टोश, परवाना यायला किती दिवस लागतात?"

"महिना-दीड महिना धर. तोवर कोटाखाली घालायचं नाही. उघडं, दिसेल असं कमरेला लावलंस तर परवाना लागत नाही. त्यावर कोट घातलास की गुन्हा."

"म्हणजे कोट काढला की हक्क आणि घातला की गुन्हा?"

"अगदी बरोबर."

"मग थंडीत काय करायचं?"

"कुडकुडत हक्क बजावायचा," बक म्हणाला.

"आणि गाडीतून नेताना रिकामं, गुंडाळून, इथून सरळ घरी," एमेट पुढे म्हणाला. "वाटेत बर्गर खायला थांबू नकोस."

"म्हणजे उपाशीही राहायचं," बक म्हणाला. टेसा हसली. एमेटला बरं वाटलं. कायदा अजून सगळा जागेवर होता, एकही कलम हललेलं नव्हतं. गल्ल्या गेल्या तरी कलमं होती. ज्याला एवढं आठवतं त्याचं काय बिघडलंय, असं त्याने स्वतःलाच विचारलं.

"रिकामं कसं करायचं ते दाखवाल का?" टेसाने विचारलं. "मला त्याचीच भीती वाटते."

दुकानाच्या दारावर पाटी आहे: भरलेलं हत्यार दुकानात कमरेवरून काढू नये. पाटीवरचं अक्षर एमेटचंच, पोस्टमनचं, सुबक. तो स्वतःचं पिस्तूल रिकामं करायला बाहेर आपल्या गाडीपाशी गेला, दोन मिनिटांनी आत आला आणि ते चटईवर ठेवलं.

"रिकामं आहे. पण माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही. आईने दिलं, पाद्र्याने दिलं, तरी आपल्या हाताने बघायचं. लोरेटा, दाखव तिला."

हे वाक्य लोरेटाने शेकडो वेळा ऐकलं होतं. नेहमीसारखं तिने पिस्तूल उचललं, भिंतीकडे वळवलं आणि स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढली.

पितळी काडतूस उडालं. काचेवर आपटलं, घरंगळत गेलं आणि डोनटच्या खोक्याला टेकून थांबलं.

कॉफीचं यंत्र तेवढं गुरगुरत राहिलं.

आधी मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची पेटी, काढायचं, मग स्लाइड ओढायची. उलट केलं तर स्लाइड एक काडतूस बाहेर टाकते आणि खालच्या मॅगझिनमधलं दुसरं वर घेते. मग मॅगझिन काढलं तरी ते आतच राहतं, आणि माणसाला वाटतं, झालं रिकामं. नवशिक्या हीच चूक करतो. आणि रिकामं पिस्तूल समोरच्याला देताना स्लाइड उघडी ठेवूनच द्यायची, म्हणजे डोळ्यांनाच दिसतं. एमेटने अर्ध्या जिल्ह्याला हे शिकवलं होतं. अग्निशमन केंद्रात दर वसंतात वर्ग घ्यायचा. 'आधी मॅगझिन, मग स्लाइड' हे तो पोरांकडून पाढ्यासारखं म्हणवून घ्यायचा. आता त्याने खिशात हात घातला. बाहेर गाडीपाशी उडालेलं पहिलं काडतूस तिथे होतं.

"परीक्षा!" बक एकदम मोठ्याने म्हणाला. "तुझी परीक्षा घेतली त्याने, पोरी! हा दर वेळी असंच करतो. लबाड आहे."

"खरंच?" टेसाने श्वास सोडला. "घाबरवलंत हो, मिस्टर बार्टोश!"

बकने सुटकेचं दार सताड उघडून दिलं होतं. एमेटने नुसतं हसायचं, मान हलवायची आणि बाहेर पडायचं. त्याने बककडे पाहिलं. बकच्या ओठांवर साखर होती आणि डोळ्यांत विनवणी.

"नाही," एमेट म्हणाला. "परीक्षा नव्हती."

टेसाने त्याच्याकडे पाहिलं, आता गिऱ्हाइकासारखं नाही, नर्ससारखं. मग ती उठली. "मला काही घाई नाही," ती म्हणाली. "उद्या येईन." जाताना तिने त्याच्या दंडावर हात ठेवला, जरा जास्त वेळ.

दार लागल्यावर एमेटने खिशातला अर्ज काढला आणि काडतुसाशेजारी पसरला.

"बक, शेरीफने विचारलं तर आता काय सांगशील?"

बकने तोंड उघडलं. गावातल्या प्रत्येक मयतीला विनोद करू शकणारा माणूस. तोंड तसंच उघडं राहिलं, मग मिटलं.

"तेच," एमेट म्हणाला, आणि त्याने मंगळवारचं सगळं सांगितलं. शेगडी, आखूड केस, हात. दुधाचंही सांगितलं. लोरेटाने मध्येच काउंटरची कड धरली.

"बर्नीसला माहीत आहे?" तिने विचारलं.

"तिला वाटलं, मी कंबर खाजवत होतो."

पेट्राकच्या मागच्या खोलीत एक हिरवं लोखंडी कपाट आहे. कोणाच्या घरात बिनसलं, बाटली वाढली, पोर गेलं, की तो माणूस किंवा त्याचा दोस्त बंदुका आणून तिथे ठेवतो. का ठेवतोयस हे विचारायचं नाही. बकची बायको सोडून गेली त्या वर्षी त्याच्या तीन रायफली अकरा महिने तिथे होत्या. तो परत न्यायला आला तेव्हा लोरेटाने फक्त "जेवतोयस का नीट?" एवढं विचारलं, त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि मग किल्ली काढली.

आताही तिने नोंदवही ओढली. "दुरुस्तीसाठी आलं म्हणून लिहिते. परत नेताना सरकारचा तपासणीचा फॉर्म भरायची कटकट नको."

"दुरुस्ती नको."

"बरं, ठेवायला दिलं म्हणून लिहिते. फॉर्म भरावा लागेल, एवढंच."

"तो फॉर्म मी वाचलाय, लोरेटा. त्यावर विसरण्याबद्दल एकही प्रश्न नाही. मी पास होईन." एमेटने चष्मा काढून पुसला. "विकत घेतलं असं लिही. ठेवलेलं पिस्तूल माझंच राहतं. माझं असलं की मी हक्क सांगायला येणार. विकत घेतलंस की ते तुझं. आणि दुकानदार कोणालाही विकायला नाही म्हणू शकतो. कायदाच आहे तसा."

"एमेट..."

"मी येईन. भांडेन. कलमं सांगेन. आणि ती बरोबर असतील, ते लक्षात ठेव. तरी द्यायचं नाही."

लोरेटाने पेन उचललं. "किंमत काय लिहू?"

"कॉफी. मरेपर्यंत."

"ती आत्ताही फुकटच पितोस, मेल्या," लोरेटा म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

"घरच्या रायफली मी दुपारी येऊन नेतो," बक म्हणाला. "बर्नीसला काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस," एमेट म्हणाला. "ते मलाच सांगावं लागणार."

घरी जाताना त्याची उजवी कंबर इतकी हलकी झाली होती की पावलं वाकडी पडत होती.

दीड वर्षाने, एप्रिलमध्ये एका सकाळी एमेट दुकानात आला आणि स्टुलावर न बसता काउंटरपुढे उभा राहिला. स्वेटर उजव्या अंगाला सैल लोंबत होता.

"लोरेटा, माझं पिस्तूल दे."

"ते मी विकत घेतलंय, एमेट."

"मी कधीच विकलं नाही." आणि मग त्याने सुरुवात केली. मालमत्तेचा हक्क, राज्यघटनेचं कलम, हस्तांतराचे नियम. एकामागून एक, न अडखळता, पूर्वीच्या त्याच खणखणीत आवाजात. बक कॉफीच्या कपात बघत राहिला. तिसऱ्या कलमाला लोरेटाने दोन्ही हात काउंटरखाली घेतले.

"बरोबर आहे तुझं सगळं," ती म्हणाली. "पण मिळणार नाही."

"चोर आहेस तू!" एमेट ओरडला. दार आपटून तो बाहेर पडला.

गाडी समोरच उभी होती. आता ती तो चालवत नसे. स्टिअरिंगमागे एक बाई बसली होती, पांढरे केस खांद्यापर्यंत वाढवलेली. एमेटने तिला सगळं सांगितलं त्या गुरुवारपासून त्या केसांना कात्री लागली नव्हती. एमेटने तिला लगेच ओळखलं.

"बर्नीस, लोरेटा माझं पिस्तूल देत नाहीये."

"हो का?" बर्नीसने आतून हात लांबवून त्याच्या बाजूचं दार उघडलं. "बस आत. गार वारा सुटलाय."

तो बसला.